डाव्या पायाचा बूट

गेटवर बदरुद्दीनने किसनच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, मग पुन्हा पायांकडे.

"उजवा वर कर, किसनभाऊ."

"कामून?"

"तळ बघायचाय."

नाल ठोकताना बैलाचा पाय मागे वळवून धरतात, तसा किसनने भिंतीला हात टेकून आपलाच पाय मागे वळवून धरला. चवड्याखालचं रबर कॉस्टिक सोड्याने खाल्लं होतं. बुटाच्या भोकातून मोजा दिसत होता आणि मोज्याच्या भोकातून किसन.

बदरुद्दीनने डोळे बारीक केले. तो खाडीकडच्या गावचा, जुना माणूस. गेटवर त्याची चौदा वर्षं झाली होती, आत ड्रमखात्यात किसनची अकरा.

"आजपर्यंत सोडला ना मी? पण हा नवा सेफ्टीवाला दिवसभर कॅमेऱ्यात बघत बसतो. आज परत जा. सोमवारी नवा ठेकेदार येतोय. त्याचा माणूस इथंच टेबल लावणार. हेल्मेट, बूट, पास, तिन्ही धड असेल त्याचा फोटो काढणार. फोटो निघाला तो आत."

"आन् न्हाई निघाला तो?"

बदरुद्दीनने नुसती हनुवटी रस्त्याकडे केली. पलीकडे नाल्याच्या कठड्यावर बावीस-पंचवीस वर्षांची दहाबारा पोरं बसली होती. सगळ्यांचे बूट नवे होते.

किसन त्रेपन्नचा होता. एकदा नाव गेलं की या वयाच्या माणसाला तळोज्यात दुसरा गेट उघडत नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. गेटवरच्या निळ्या पाटीवर लिहिलं होतं, 'सुरक्षित काम करा, घरी कोणीतरी तुमची वाट पाहत आहे.' सकाळचे सव्वाआठ झाले होते. या वेळी घरी कोणी त्याची वाट पाहत नव्हतं. घराला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्या बायकोच्या, मुक्ताबाईच्या कमरेला.

तो नावड्याच्या दिशेने चालू लागला. ऑक्टोबरचं ऊन सकाळपासूनच चढलं होतं. हवेत सडक्या अंड्याचा वास होता, म्हणजे वारा नेहमीच्याच बाजूने होता. खडी लागेल तसा तो उजवा पाय टाचेवर टाकत होता.

ड्रमखात्याचं काम तसं साधं. दोनशे लिटरचा रिकामा ड्रम खालच्या कडेवर तोलायचा आणि हातांनी गोल फिरवत न्यायचा. थांबवायचा झाला की उजवा पाय आडवा घालायचा. मग आतून कॉस्टिकच्या गरम पाण्याने धुवायचा आणि उजवीकडे कलंडवायचा. पाणी उजव्या पायावरून गटारात जातं. म्हणून तिथे उजवा बूट सहा-आठ महिन्यांत मरतो आणि डावा वर्षभर नवऱ्या मुलासारखा राहतो. ठेकेदार वर्षाला एक जोड देतो, तो जानेवारीत. बाजारातून आणायचा तर चार दिवसांची हजेरी पायात घालावी लागली असती, आणि गेल्या महिन्यात प्लांटच पंधरा दिवस बंद होता.

नावडे फाट्यावर रांग लागली होती. रांग दिसली की किसन आधी उभा राहायचा आणि मग रांग कशाची ते विचारायचा. उलट केलं की नंबर जातो, हे तो रेशनच्या दुकानात शिकला होता.

पुढे एक नारिंगी टेम्पो होता. टेम्पोवर हवा भरलेला, माणसाच्या दुप्पट उंचीचा बूट डुलत होता. स्पीकरवर बाई बोलत होती, "कामगार बांधवांसाठी खास! मोफत सेफ्टी शूज! अर्धी वाट आम्ही चाललो, अर्धी तुम्ही या!"

किसनने पुढच्या माणसाला विचारलं, "खरंच फुकट देत्यात?"

"देतायत. बघ, तो घेऊन चाल्ला."

एक माणूस खोका काखेत मारून खरोखरच चालला होता. खोका जरा चिंचोळा होता, पण किसनचं लक्ष खोक्यावर नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याला जे हवं ते नेमकं त्याच दिवशी, त्याच फाट्यावर, टेम्पोत घालून आलं होतं. त्याने पुढची सगळी रांग मोजली.

"आवं! तुमी हितं काय करायलेत?" मागून आवाज आला. मुक्ताबाई कॉलनीतल्या पहिल्या तीन घरांची धुणीभांडी उरकून चौथ्या घराकडे निघाली होती. "ड्यूटी न्हाई का?"

किसनने गेटवरचं सांगितलं. सोमवारचंही सांगितलं. मुक्ताबाईने पदराने मान पुसली आणि त्याच्या मागे उभी राहिली.

"तू कशाला?"

"मान्साला एक देत्यात ना? मंग मी काय मानूस न्हाई?"

तासाभराने टेबल आलं. टेबलामागे नारिंगी टी-शर्टातली पोरगी होती. गळ्यात पट्टी, पट्टीवर नाव दीक्षा. उन्हाने तिचं नाक सोललं होतं.

"काका, एकच साइज आहे, आठ. चालेल?"

"पळंल," किसन म्हणाला. खूप दिवसांनी त्याने विनोद केला होता.

त्याने खोका तिथेच उघडला. काळा कुळकुळीत बूट, पुढे पोलादी टोपी, तळाला जाड रबर. दाबून पाहिलं, माल पक्का होता. आणि डावा होता.

"ताई, ह्यातला एक ऱ्हायला."

"नाही काका, एकच आहे. कॅम्पेन आहे ना. डावा आत्ता, उजवा पुढच्या महिन्यात एक तारखेला, शोरूमच्या ओपनिंगला. हा कोड तिथे दाखवायचा."

"मला उजवाच पायजे. डावा ऱ्हाऊ द्या तुमाला."

"डावेच आलेत, काका. तीन हजार डावे."

"आन् उजवे?"

"भिवंडीला असतील. गोडाऊनला."

किसनच्या डोळ्यांसमोर भिवंडीचं गोडाऊन आलं. आत अंधारात तीन हजार उजवे एका ओळीत उभे होते.

मुक्ताबाई पुढे झाली. "बाई, एका पायाला आवतन आसतं का कुठं?"

"मावशी, आयडिया आहे ती. एक दिला की माणूस दुसऱ्यासाठी येतोच म्हणे."

"आन् न्हाई आला तं?"

"तर काय, एकाचं करणार काय? विकताही येत नाही." दीक्षाने आवाज खाली केला. "मावशी, मला पण एक दिलाय. डावाच. माझं तर माप पाच आहे."

मुक्ताबाईने तिच्या पायांकडे पाहिलं. साधी प्लॅस्टिकची सँडल होती. "जाऊ दे माय. मलाबी दे एक."

खोके मिळाले तरी सुटका नव्हती. बाजूला फळीवर एक पाऊल रंगवलं होतं. नवा डावा घालून त्या पावलावर उभं राहायचं, उजवा पाय मागे उचलायचा आणि 'मी अर्धी वाट चाललो' असं म्हणायचं. एक दाढीवाला मोबाइलवर त्याचा व्हिडिओ करत होता. त्याशिवाय खोका बाहेर जाऊ देत नव्हते.

किसन डाव्यावर उभा राहिला आणि उजवा थोडासा उचलला.

"अजून वर, काका. अजून. अरे वा!" दाढीवाला उकिडवा बसून मागून बघत होता. "तळ फाटलाय! एकदम रिअल. हलू नका, काका. आता बोला."

"मी अर्धी वाट चाललो," किसन म्हणाला. सकाळपासून दुसऱ्यांदा तो आपला तळ लोकांना दाखवत होता. पहिल्या वेळी निदान बोलावं लागलं नव्हतं.

घरी जाताना तो फाट्यावरच्या चांभाराकडे थांबला. किसनने नुसती पिशवी उघडली तोच तो म्हणाला, "तुम्ही सातवे. डाव्याचा उजवा होत नाही."

"त्ये न्हाई. ह्यो जुना बघा."

चांभाराने जुन्या उजव्यात खिळा मारला. कॉस्टिक प्यायलेल्या रबरातून खिळा शिळ्या भाकरीतून निघावा तसा निघाला. त्याने बूट परत दिला आणि पैसे घेतले नाहीत. त्यामुळे किसनला जास्तच वाईट वाटलं.

संध्याकाळी खोलीत तीन डावे ओळीने मांडलेले होते. एक जुना, दोन नवे. मुक्ताबाई त्यांच्यासमोर पाय पसरून बसली होती. दिवसाचं पाचवं घर करून आल्यावर तिच्या टाचा अशाच पुढे यायच्या.

"घालून तं बघा. डावा उजव्यात."

"आगं, पाय हाय का वांगं?"

"बघा तं."

किसनने दोन्ही पायांत डावे चढवले आणि दारापर्यंत चालून दाखवलं. उजवा पाय आपोआप आत वळत होता. करंगळी पोलादाला घासत होती. दारातून वळताना तो चौकटीला आदळला.

"बदकावानी दिसायलाव," मुक्ताबाई म्हणाली. हसू आलं तसं तिने ते गिळलं. "फोटू कशाचा काढत्यात? तोंडाचाच ना?"

"तोंडाचाबी आन् पायाचाबी."

"पायाचा कशाला?"

"तोंड कुनाचंबी आसतं म्हने."

शनिवारी किसन ड्रमखात्यातल्या चौघांच्या घरी जाऊन आला. कोणाकडे जुना का होईना, धड उजवा आहे का, हे विचारायला. चौघांनीही आत नेऊन खाटेखालून आपापला माल दाखवला. ड्रमखात्यातल्या कोणाच्याही घरी डाव्या बुटाची ददात नव्हती. दोघांकडे नारिंगी खोकेही होते. एकाने तर किसनलाच विचारलं, "भाऊ, तुज्याकडं उजवा हाय का?"

तो परतला तेव्हा मुक्ताबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तुमच्या जोडीला तो डावरा व्हता ना? जोतीराम?"

किसन थांबला.

"तो ड्रम डावीकडनं धरायचा, तुमीच सांगायचे. मंग त्याचा कंचा बूट गेला आसंल?"

किसनने तिच्याकडे पाहिलं. नऊ वर्षं जोतीरामबरोबर जड ड्रम उचलले, तो डावीकडून आणि हा उजवीकडून, आणि हे आपल्याला सुचलं नाही. सुचलं ते कधीही गेटच्या आत न गेलेल्या बाईला.

"एक नवा डावा त्याला द्या," मुक्ताबाई म्हणाली, "त्याचा उजवा घ्या. त्याचाबी जोड व्हईल, तुमचाबी. म्हंजी फुकट मागितल्यावानी दिसत न्हाई."

वैशाखात जोतीरामच्या पायावर काहीतरी सांडलं होतं आणि तेव्हापासून तो दिघ्याला घरीच होता, एवढंच किसनला ठाऊक होतं. भेटायला जायचं जायचं म्हणत पाच महिने गेले होते.

रविवारी दोन बस बदलून तो दिघ्याला उतरला. जोतीरामची खोली टेकडीच्या अंगावर, वरून तिसरी. पायऱ्या कोणी मोजून बांधल्या नव्हत्या. एक वीतभर, एक गुडघाभर. फाटक्या तळातून त्याला प्रत्येक दगड वेगवेगळा कळत होता. दारात त्याने बूट काढले आणि खोका घेऊन आत गेला.

जोतीराम खाटेवर होता. डावा पाय उशीवर, पायाला पांढरी पट्टी, आणि पट्टीचं टोक जिथे असायला हवं त्याच्या जरा अलीकडेच संपलेलं.

"आरं, किसन! ये की लेका. वाट चुकलास जनू."

"काय झालं रं हे?"

"दोन बोटं काढली. शुगर हाय न्हवं, जखम भरंना. डाक्टर म्हनतोय, संक्रांतीपस्तोर चालशील." जोतीरामने हे पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं.

त्याच्या बायकोने पाणी आणलं आणि किसनच्या हातातला खोका सवयीने घेतला. पाहुण्याच्या हातात जे असतं ते घरासाठीच असतं. तिने तो उघडला.

"आगं बया! आवो, बघा तरी. भावजींनी डावा आणलाय!"

किसनच्या घशात पाणी होतं. ते खाली जाईपर्यंत उशीर झाला. तिने वाकून खाटेखालून कागदात गुंडाळलेला एक बूट काढला. उजवा. पॉलिश केलेला, नवाकोरा म्हणावा असा, आत वर्तमानपत्राचे बोळे. तिने दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"डावा जळाला तवा म्या म्हनलं, ह्यो एकला ठिवून करायचं काय? तर ह्येनी टाकू दिला न्हाई. दर ऐतवारी पुसत्यात. म्हनत्यात, गेटवर जाताना लागंल."

जोतीराम बुटांकडे बघत होता. "आठवन ठेवलीस लेका," तो म्हणाला. "बाकीचं केळी घिऊन येत्यात. शुगरवाल्याला केळी."

बस बदलताना किसनने एक वाक्य तयार केलं होतं. 'जोतीराम, एक अदलाबदल करू.' ते वाक्य आता त्याच्या जिभेवर डाव्या पायातल्या उजव्या बुटासारखं झालं होतं. त्याने चहा घेतला. चहा बिनसाखरेचा होता. त्याने छान झालाय म्हणून सांगितलं.

"घालून बघतो," जोतीराम म्हणाला.

बायकोने पाय दोन्ही हातांनी उचलून खाली घेतला. बुटाची नाडी सगळी सैल केली. पट्टी अर्ध्यावर अडली. जोतीरामने दात आवळून एकदा जोर लावला, कपाळावर घाम आला, आणि त्याने पाय सोडून दिला.

"सूज हाय आजून," बायको म्हणाली.

"व्हय. सूज हाय," किसन म्हणाला.

ती कपबशा घेऊन कोपऱ्यातल्या ओट्याकडे गेली. जोतीराम उघड्या दाराकडे बघत होता. दाराबाहेर किसनचे बूट होते. डावा सरळ उभा होता, उजवा कलंडून पडला होता, तळ घराकडे करून.

"उजवा कवा गेला?"

"गनपतीत."

"कॉस्टिक?"

"मंग काय."

"आन् उद्या फोटू."

किसनने वर पाहिलं. "तुला कोन सांगितलं?"

"बदरुद्दीनचा फोन आलता. मलाबी ये म्हनत व्हता, बिचारा. त्याला बोटांचं म्हाईत न्हाई." जोतीरामने पाय पुन्हा उशीवर घेतला. त्याला वेळ लागला, किसन मदतीला उठला नाही. "तू डावा द्यायला न्हाई आलास."

किसनने कपाळ पुसलं.

"तोंड पाडू नगंस. न्हे उजवा. डावा ऱ्हाऊ दे हितं, खाटंखाली. काय तरी पुसायला पायजे न्हवं ऐतवारी."

"तुला संक्रांतीला लागंल, जोतीराम."

"लागंल," जोतीराम म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "न्हे तू."

ओट्यापाशी भांड्यांचा आवाज थांबला होता. बायको आली. तिने उजवा उचलून मांडीवर घेतला, आतले कागदाचे बोळे बाहेर काढले, आणि जरा थांबून पुन्हा नीट आत दाबले.

"नऊ नंबर हाय, भावजी. तुमचा पाय बारीक. बोळं ऱ्हाऊ द्या."

निघताना जोतीरामने हाक मारली. "ए, जपून वापर. आता माझ्या बाजूला हुबा ऱ्हा. डावीकडनं धर, डाव्यानं आडव. डावीकडंच कलंडव, म्हंजी उजव्याला पानी लागायचं न्हाई. आठ दिवस कंबर शिव्या घालंल, मग गप बसती."

सोमवारी गेटवर टेबल होतं. टेबलावर नव्या ठेकेदाराचा माणूस, गॉगल कपाळावर. रांगेत नाल्यावरची पोरंही होती.

"उजवा वर कर," बदरुद्दीन म्हणाला.

किसनने पाय मागे वळवला. तळ अखंड होता. मध्ये रबरात आकडा उमटलेला होता. बदरुद्दीनने मग डाव्या बुटाकडे पाहिलं, पुन्हा उजव्याकडे.

"नऊ?"

"पाय सुजलाय."

"एकच?"

किसनने पाय खाली टेकवला. बदरुद्दीनने वहीवर खूण केली. "उष्णता आहे, ऑक्टोबरची," तो म्हणाला. आणि किसन पुढे सरकताना, वहीतून मान वर न करता, "जोतीराम कसा आहे?"

"बरा हाय."

टेबलावरच्या माणसाने मोबाइल वर धरला, मग खाली केला. "एक मिनिट, काका. तुम्ही ते रीलमधले ना? एका पायावरचे? फाटका बूट?" तो वाकून टेबलाखालून पाय बघू लागला. नाल्यावरचा एक पोरगा अर्धं पाऊल पुढे आला.

किसनने उजवा पाय पुढे केला.

"अरे, उजवा मिळाला वाटतं तुम्हाला!"

"मिळाला."

"बघा, लोक उगाच म्हणतात जाहिराती खोट्या असतात," माणूस म्हणाला आणि फोटो काढला. आधी तोंडाचा, मग पायांचा.

ड्रमखात्यात किसन पहिल्या ड्रमाच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. डाव्या हाताने कड धरली. ड्रम तोलला, चार पावलं गेला आणि उलटा फिरून त्याच्या नडगीवर आला.

"काय किसनभाऊ, सकाळीच घेतली का?" पलीकडून कोणीतरी ओरडलं.

"आरं, आरशात बघून ड्रम ढकलतोय तो!"

हसणं झालं. किसनने ड्रम पुन्हा उभा केला. डावा पाय आडवा घालायला तो विसरायचा, उजवा आपणहून पुढे यायचा, आणि दर वेळी त्याला तो हाताने धरल्यासारखा मागे घ्यावा लागायचा. अकरा वर्षांची सवय होती. दुपारपर्यंत एरवी तीस ड्रम व्हायचे, आज बारा झाले. सुपरवायझर दोनदा येऊन उभा राहिला आणि ड्रम मोजून गेला. चार वाजता कंबरेत कोणीतरी पहार ठेवल्यासारखं झालं. कॉस्टिकचं पाणी डाव्या पायावरून गटारात जात होतं.

घरी आला तेव्हा मुक्ताबाई उंबऱ्यातच बसली होती. पाचवं घर सोडून ती लवकर आली होती. तिने तोंडाकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं.

"निघाला फोटू?"

"निघाला."

त्याला वाकता येत नव्हतं. तिने त्याच्या नाड्या सोडल्या. डावा काढला, तो ओला होता, तो बाहेर उन्हात टेकवला. मग उजवा काढला, बोळे उपसले, आत हात घालून टोकापर्यंत चाचपलं, आणि तळ वर करून बोटाने सगळा फिरवून पाहिला.

"कोरडा हाय," ती म्हणाली. तिने तो कागदात गुंडाळला आणि खाटेखाली ठेवला.